औषध मारायच्या आधी बघा तरी, आहे कोण ते!

वाचक विचारतात

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे पत्रांचा पाऊस पडतो हे दरवर्षीचंच आहे, पण यंदा गंमत म्हणजे बहुतेक पत्रांचं शेवटचं वाक्य एकच, "तर काय मारू?" कापसावर काय मारू, कढीपत्त्यावर काय मारू, उंदराला काय घालू, डासांना काय लावू. "हे नक्की काय आहे हो?" असं कुणी विचारतच नाही. फोटो पाठवतात तोही मेलेल्या किड्याचा! म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत आणि सगळी मारामारीचीच पत्रं घेतलीयेत.

प्रश्न : ताई, आमची चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस आहे. दुकानदार म्हणते अळीचं, माव्याचं अन् वरून टॉनिक असं तिन्ही एकाच पंपात टाका, मजुरी वाचते. आजूबाजूचे सगळे तसंच करतात. त्यानं काही होते का? — एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा

दादा, यवतमाळहून हा प्रश्न आला म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, हवा दमट, बोंडअळीची धास्ती, अंगात बनियन नाहीतर अर्ध्या बाहीचा शर्ट, तोंडाला रुमाल, पंप जोराचा, आणि झाडाची उंचीच अशी की फवारा झाडावर मारला तरी उलटून आपल्याच अंगावर यायचा. आणि पंपात काय, तर तुम्ही म्हणताय तेच, दोन-तीन औषधं एकत्र. नंतर चौकशी झाली, काही औषधांच्या विक्रीवर काही दिवस बंदी आली, पण मिसळायची सवय गेली नाही हे तुमच्या पत्रावरूनच दिसतंय.

होतं काय ते सांगते. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही एका गटाची औषधं. आपल्या शरीरात नसांचा निरोप पोचला की तो थांबवणारं एक एन्झाइम असतं, ही औषधं तेच बंद पाडतात, मग नसा थांबायचं नावच घेत नाहीत. घामाच्या धारा, लाळ, उलट्या, डोळ्यातली बाहुली एकदम बारीक आणि शेवटी श्वास अडकतो. त्यासाठी औषध पोटात जायला हवं असं नाही, कातडीतूनही जातं, घामाने ओल्या झालेल्या कातडीतून तर जास्तच. या गटाला अॅट्रोपिन नावाचा उतारा आहे आणि वेळेत मिळाला तर माणूस वाचतो. पण पंपात वेगवेगळ्या गटांची औषधं असतील, आणि काहींना तर उताराच नाही, तर डॉक्टरने नेमका कशावर इलाज करायचा? पेशंटला घेऊन येणाऱ्यालाही माहीत नसतं पंपात काय होतं ते. म्हणून काहीही झालं तरी डबा नाहीतर बाटली लेबलसकट दवाखान्यात न्यायची, हे आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. लेबलवर तिरपा चौकोन असतो, त्यातला रंग बघा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हिरवा म्हणजे सरबत नव्हे हेही लक्षात ठेवा.

आता अळीकडे येऊ. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की लवकरच बोंडात शिरते आणि आत सरकी खात बसते. तुम्ही बाहेरून तीन औषधं मारा की पाच, तिला आत काही कळत नाही. मरतं कोण, तर बाहेर फिरणारे ढालकिडे, क्रायसोपा, कोळी, म्हणजे जे फुकटात मावा-तुडतुडे खात होते तेच. ते गेले की पांढरी माशी वाढते, की पुन्हा दुकान. २०१५ ला पंजाब-हरियाणात पांढऱ्या माशीने कापूस बसवला, तेव्हाही फवारण्या काही कमी झाल्या नव्हत्या.

तुम्ही एवढंच करा. एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे, लावा आणि रोज सकाळी त्यातले पतंग मोजा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले तरच औषधाचा विचार, आणि तोही एकाच औषधाचा. फुलं आली की डोमकळ्या, म्हणजे नीट न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुलं, दिसतात का बघत शेतातून एक चक्कर मारा, दिसल्या की तोडून नष्ट करा, त्यात अळी असते. आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही झाडं ठेवून घेतलेलं पुढचं पीक, घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटली नाही तर पुढच्या वर्षीची अळी आपणच पाळून ठेवतो. शेजारचे करत नाहीत म्हणाल, खरंय, एकट्याने करून पूर्ण फायदा मिळत नाही, पण सापळ्याचा खर्च एका फवारणीपेक्षा कमीच आहे की.

टॉनिकबद्दल काय बोलायचं... दुकानदाराला विचारा, यात काय आहे ते लिहून आणि पक्क्या बिलावर दे. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

प्रश्न : माझ्या गॅलरीत कुंडीतला कढीपत्ता आणि एक लिंबाचं रोप आहे. पानांवर पक्ष्याची घाण पडल्यासारखं दिसत होतं म्हणून पुसायला गेले तर ते हललं! नंतर त्याच्या हिरव्यागार अळ्या झाल्या, हात लावला की डोक्यातून केशरी शिंगं काढतात आणि घाण वास येतो. अर्धा कढीपत्ता खाऊन टाकलाय. नर्सरीवाल्याने स्प्रे दिलाय, मारू का? — एक वाचक, डोंबिवली

नका मारू हो काकू! तुमच्याकडे फुलपाखरं जन्माला येतायत. ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी म्हणजे लिंबू फुलपाखरू नाहीतर कॉमन मॉरमॉन, दोघांच्याही माद्या लिंबाच्या खानदानातल्या झाडांवरच अंडी घालतात आणि कढीपत्ता त्याच खानदानातला. लहानपणी शिटेचं सोंग घेतलं की पक्षी खात नाही, मोठी झाली की पानाच्या रंगाची होते, आणि तरीही कुणी छेडलंच तर ती शिंगं. ती शिंगं टोचत नाहीत की चावत नाहीत, नुसता वास.

अळी दोन-तीन आठवडे खाते, मग काडीला एक बारीक धागा कमरेभोवती बांधून कोष करते आणि थोड्या दिवसांत फुलपाखरू बाहेर. कढीपत्ता मरत नाही, उलट शेंडे खुडल्यावर तो जास्त फुटतो हे तुम्हालाही माहीतच आहे. फारच नुकसान वाटत असेल तर पाच-सहा अळ्या असतील त्यातल्या दोन राहू द्या, बाकीच्या उचलून खाली सोसायटीत लिंबाचं नाहीतर बेलाचं झाड असेल तर तिथे सोडा. आणि स्प्रे मारून तोच कढीपत्ता तुम्ही दुसऱ्या दिवशी फोडणीत टाकणार होतात, हा विचार केलात का? शोभेच्या झाडांसाठी विकलं जाणारं औषध खायच्या पानावर मारायचं नसतं, नर्सरीवाला हे सांगत नाही.

२०१५ ला महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू ठरवलं, देशात असं करणारं आपलं पहिलं राज्य. त्याची अळीसुद्धा लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. म्हणजे आपण राज्य फुलपाखरू म्हणून पोस्टर लावायचं आणि गॅलरीत त्याच्या चुलतभावंडांवर स्प्रे, असं चाललंय. हां, एक मात्र आहे, संत्र्याच्या नर्सरीत कोवळ्या कलमांवर या अळ्या खरंच नुकसान करतात, तिथला शेतकरी चिडला तर त्याचं काही चुकत नाही, तोही सुरुवातीला हाताने वेचूनच काम भागवू शकतो. पण गॅलरीतला कढीपत्ता म्हणजे काही नर्सरी नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत डेंग्यूच्या दोन केसेस झाल्या. कमिटी म्हणते दर आठवड्याला धूरफवारणी करू, काही मेंबर विरोध करतायत. घरात आम्ही रात्री कॉइल लावतो, आई म्हणते त्याने खोकला येतो. नक्की काय करावं? — एक वाचक, पिंपरी

धुराची गाडी आली की लोकांना बरं वाटतं, पोरं मागे पळतात, खिडक्या बंद होतात, काहीतरी चाललंय असं दिसतं. पण तो धूर त्या क्षणी हवेत उडणाऱ्या डासांनाच लागला तर लागतो, पाण्यातल्या अळ्यांना काहीही होत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणजे धूर विरला की पुढची बॅच तयारच. शिवाय डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसून असतो, तिथे रस्त्यावरचा धूर कसा पोचणार? केस सापडल्यावर त्या भागात एकदा धूर करणं समजू शकते, ते आरोग्य विभागाने ठरवावं. दर आठवड्याला रतीब घालणं म्हणजे पैसे जाळणं, आणि सोबत चतुर, पतंग, कोळी हेही जाळणं. चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात आणि मोठा चतुर उडते डास पकडतो, म्हणजे आपलाच पहारेकरी आपणच मारतोय.

एडिसला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं, गटार नाही. फ्रिजच्या मागे खाली जो ट्रे असतो तो कधी काढून बघितलाय? बहुतेकांना तो आहे हेच माहीत नसतं. मग कुंडीखालच्या बशा, मनी प्लांटची बाटली, कूलर, गच्चीवर टाकलेले टायर, टाकीचं अर्धवट झाकण, आणि बिल्डरने डक्टमध्ये सोडून दिलेला मलबा. आठवड्यातून एक दिवस ठरवून हे सगळं कोरडं करायचं, नुसतं पाणी ओतून नाही तर आतून घासून, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. कमिटीला सांगा, धुराचे पैसे एका माणसाला द्या, तो दर रविवारी गच्ची आणि डक्ट बघेल.

कॉइलचं म्हणाल तर आई बरोबर म्हणतेय. २००३ साली एक अभ्यास झाला होता, त्यात एक कॉइल जळल्यावर जेवढे बारीक धूलिकण निघाले ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे होते. बंद खोलीत, रात्रभर, लेकरांच्या उशाशी! लिक्विडच्या मशीनमध्ये धूर नसतो, पण आत औषध त्याच घराण्यातलं असतं, माशांना आणि मांजरांना ही मंडळी फार बाधतात, फिशटँक असेल तर त्या खोलीत लावूच नका. मच्छरदाणी लावा. जुनाट वाटते पण काम करते.

ते निळ्या लाइटचं चटचट मशीनही घेऊ नका. अमेरिकेत डेलावेअरला १९९६ मध्ये कुणीतरी त्यात मेलेले किडे खरंच मोजले, तेरा हजार सातशेच्या वर किडे निघाले आणि त्यात चावणारे फक्त ३१. बाकी सगळे बिचारे वाटेने चालले होते.

आणि गप्पी मासे सोडायचे असतील तर बंद हौदातच सोडा, ओढ्यात-तळ्यात नको. ते परदेशी आहेत, आपल्या माशांची अंडी-पिल्लं खातात.

प्रश्न : मी कांद्याचं बीजोत्पादन करतो. गोंडे चांगले येतात पण बी भरत नाही. पूर्वी मधमाश्या एवढ्या असायच्या की शेतात जायला भीती वाटायची, आता बायका लावून गोंड्यांवरून हात फिरवून घ्यावा लागतो. कुणी म्हणतं गुळाचं पाणी मारा म्हणजे माश्या येतात. — एक शेतकरी वाचक, जालना जिल्हा

तुम्ही हात फिरवायला जी मजुरी देता ना, ते काम माशी फुकट करत होती, तेही तुमच्यापेक्षा चांगलं. कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात, आणि प्रत्येक फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतं. म्हणजे फूल स्वतःच्या परागावर भागवूच शकत नाही, दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून द्यावाच लागतो.

मग माश्या गेल्या कुठे? आठवून बघा, फुलकिड्यांसाठी शेवटची फवारणी कधी केली होती, गोंडे फुटल्यावर की आधी? फुलं उमललेली असताना सकाळी औषध मारलं तर त्या वेळी शेतात आलेली माशी तिथेच पडते, हे सगळ्यांना कळतं. न कळणारी गोष्ट अशी की इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झामसारखी औषधं झाडाच्या आत भिनतात आणि तिथून मधात आणि परागात उतरतात. माशी लगेच मरत नाही, पण वाट विसरते, पोळ्याकडे परतत नाही. माशा कमी कमी होत पोळं बसतं आणि शेतात एकही मेलेली माशी दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं औषधाचा काही संबंध नाही. युरोपने २०१८ मध्ये या गटातल्या तीन औषधांवर उघड्या शेतात वापरायला बंदी घातली ती यामुळेच.

तुमच्यासाठी व्यवहाराची गोष्ट सांगते. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे फुटायच्या आधी करून घ्या. फुलोऱ्यात मारायचंच झालं तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर, आणि झाडात भिनणारं औषध तर अजिबात नको. बांधाला मोहरी, धने, बडीशेप असं काहीतरी फुलणारं लावा. मधपेट्या भाड्याने मिळतात, एकरी साधारण दोन, त्या दहा टक्के फुलं उघडल्यावर आणायच्या, आधी आणल्या तर माश्या शेजारच्या शेतात रुळतात. आणि पेटीवाल्याला फवारणीची तारीख आधी सांगायची, हे फार जण विसरतात आणि मग भांडणं होतात. सातेरी, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीबद्दल काही विचारायचं असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर तर २०२२ पासून मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, एकदा जाऊन या.

गुळाचं पाणी नको. माश्या आल्या तरी पातीवरचा गूळ चाटतील, फुलात कशाला शिरतील?

बांधावर तणनाशक मारत असाल तर तेही थांबवून बघा. कांदा महिनाभर फुलतो, बाकीचे अकरा महिने माशीने काय खायचं? बांध पिवळाजर्द जाळून ठेवायचा आणि माश्या का येत नाहीत म्हणून विचारायचं, हे काही बरोबर नाही. त्याच बांधावर टाकळा, कुर्डू, पाथरी, केना होतं, पोरांना आता रानभाजी महोत्सवात तिकीट काढून दाखवावं लागतं.

प्रश्न : गोठ्यात उंदीर फार झालेत. औषधाच्या वड्या टाकल्या, उंदीर मेले, पण दोन दिवसांनी आवारात एक पांढऱ्या तोंडाचं घुबड मरून पडलं. याचा संबंध असेल का? — एक वाचक, बारामती

मेलेलं घुबड तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही, पण संबंध असू शकतो. ब्रोमाडायोलोनसारख्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि असा सुस्त उंदीर गव्हाणी घुबडाला सगळ्यात आधी सापडतो. औषध उंदराच्या शरीरातून घुबडाच्या शरीरात, आणि तिथे आतल्या आत रक्तस्राव. असे दोन-चार उंदीर खाल्ले की घुबडाचं भरतं. लोक घुबडाला अशुभ म्हणतात, पण पिल्लं असताना एक जोडी रात्रभर उंदरांच्या फेऱ्या घालत असते, याहून शुभ काय असणार? पिंजरे वापरा, पेंड-भुसा जमिनीपासून वर ठेवा, बिळं बुजवा. वड्या टाकल्याच तर मेलेले उंदीर रोज सकाळी वेचून खोल पुरा, उकिरड्यावर फेकू नका, तिथे कुत्री-कावळेही असतात.

प्रश्न : भाज्यांवर एवढं औषध मारतात म्हणे. मी मिठाच्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये भिजवते, बाजारात भाजी धुवायचं लिक्विडही मिळतं. ऑरगॅनिकच घ्यावं का? परवडत नाही हो. — एक गृहिणी वाचक, कोल्हापूर

वाहत्या नळाखाली हाताने चोळून धुणं यालाच पहिला मान. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला होता, खायच्या सोड्याच्या पाण्यात, म्हणजे अर्ध्या लिटरला साधारण एक चमचा, बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरचं औषध निघालं, पण जे सालीच्या आत मुरलं होतं ते राहिलंच. झाडात भिनणारं औषध धुऊन जात नाही, कुठल्याही लिक्विडने नाही. तेव्हा महागड्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, आणि भांड्याच्या साबणाने भाजी धुणारे लोक मी बघितलेत, ते तर अजिबात करू नका.

खरा घोळ धुण्यात नाही, तोडणीत आहे. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवस थांबून तोडा करायचा ते लिहिलेलं असतं. पण वांग्याचा तोडा दर तीन-चार दिवसांनी, शेंडा पोखरणारी अळी कायमची, आणि किडकं वांगं तुम्ही-आम्ही घेत नाही. म्हणजे आज फवारणी, परवा मंडईत. शेतकऱ्यालाही हे कळतं, नाहीतर घरच्यासाठी दोन वाफे वेगळे का ठेवले असते? त्याला दोष द्यायच्या आधी आपण मंडईत भोक पडलेलं वांगं कसं टाकतो ते बघूया. मी तर मुद्दाम घेते, भोकाचा भाग कापून टाकायचा. निर्यातीच्या द्राक्षांची औषधाच्या अंशासाठी लॅबमध्ये तपासणी होते, युरोपवाले त्याशिवाय घेतच नाहीत, आपल्या गल्लीतल्या गाडीवरच्या भाजीला असं विचारणारं कुणी नाही.

ऑरगॅनिक परवडत नसेल तर हंगामाची भाजी घ्या. अवेळी पिकवलेल्या फ्लॉवर-टोमॅटोला औषध जास्तच लागतं. शेवगा, भोपळा, सुरण, अळू, लाल माठ याला त्या मानाने कमी. आणि "नैसर्गिक" लिहिलंय म्हणून डोळे झाकून विश्वास नको, तंबाखूचा काढा नैसर्गिकच आहे आणि जहाल विष आहे. निंबोळी अर्क मात्र खरंच बरा, पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्याला, हे प्रमाण शेतकऱ्यांना पाठ असतं, आळसामुळे करत नाहीत एवढंच.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्या आजोबांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुरांवर गिधाडांची झुंबड असायची, आता मी एकही बघितलेलं नाही. गिधाडांना विष घातलं होतं का? प्रोजेक्टसाठी माहिती हवी आहे. — एक विद्यार्थिनी, रायगड जिल्हा

कुणी विष घातलं नव्हतं बेटा, म्हणून तर इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. नव्वदच्या दशकात गिधाडं झाडांवरून पटापट पडायला लागली, आधी वाटलं रोग आहे, कुणी म्हणालं शेतातली कीटकनाशकं. २००४ मध्ये कळलं की कारण डायक्लोफेनॅक, म्हणजे आपण अंग दुखलं की घेतो तीच वेदनाशामक गोळी. लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या गाईला तिचं इंजेक्शन देत. जनावर तरीही मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची किडनी बंद. पांढऱ्या पाठीचं गिधाड ९९ टक्क्यांच्या वर संपलं. हिशोब करणाऱ्यांनी दाखवलं की शंभर मेलेल्या जनावरांत एकाहूनही कमी जनावरात हे औषध असलं तरी एवढी पडझड होऊ शकते, कारण एकाच जनावरावर अख्खा थवा जेवतो, आणि गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, तूट भरून निघत नाही.

२००६ मध्ये भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. मग लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरायला लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीची करावी लागली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक ही गिधाडांना मारणारी अजून दोन औषधं जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम चालतं, ते गिधाडांना बाधत नाही, तुमच्या गावच्या पशुवैद्याला विचार ते कुठलं वापरतात, प्रोजेक्टला चांगला मुद्दा होईल.

गिधाडं गेल्यावर सांगाडे पडून राहिले, कुत्री वाढली, पाणी नासलं. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी अंदाज मांडला की २००० ते २००५ या काळात भारतात त्यामुळे सुमारे पाच लाख जास्तीची माणसं मेली असावीत. अंदाजच आहे, म्हणून आकडा लिहिताना "अंदाज" हा शब्द गाळू नकोस, प्रोजेक्टमध्ये मुलं तेवढंच गाळतात.

आणि एकही बघितलेलं नाही म्हणतेस, तर तुझ्याच जिल्ह्यात म्हसळा तालुक्यात चिरगावला जा. तिथे आणि फणसाड अभयारण्यात लोकांनी जपून पांढऱ्या पाठीची गिधाडं टिकवली आहेत. घरट्याच्या झाडाखाली गोंगाट करायचा नाही आणि ड्रोन न्यायचा नाही.

प्रश्न : इंद्रायणीवर फेस येतो तो कारखान्यांचा ना? मग आम्हाला रिठा-शिकेकाई वापरा म्हणून का सांगतात? — एक वाचक, चिंचवड

कारखान्यांचाही आहे आणि आपलाही. प्रक्रिया न करता सोडलेलं सांडपाणी, त्यातली कपड्याची पावडर, भांड्याचं लिक्विड, शाम्पू, आणि बंधाऱ्यावरून पाणी पडलं की ते घुसळून फेस वर येतो. आळंदीला वारीच्या तोंडावर टीव्हीवाले दाखवतात म्हणून आपल्याला तेव्हाच दिसतो, एरवीही येतोच. फेस विरला तरी मैल्यातलं नायट्रोजन आणि साबणातलं फॉस्फरस पाण्यात राहतं आणि त्यावर जलपर्णी माजते. मुख्य काम महापालिकेचं आहे, मैलाशुद्धीकरण पूर्ण क्षमतेने चालतं का हे विचारलंच पाहिजे, नगरसेवकाला गाठून विचारा. घरात तुम्ही पावडर निम्मी करून बघा, मशीनला डब्यावरच्या चमच्याएवढी लागत नाही.

रिठ्याचं म्हणाल तर घरातल्या वापराला चांगला आहे, जरूर वापरा, पण नदीच्या काठावर बसून त्याने कपडे धुऊ नका. रिठ्याच्या फेसाने मासे गुदमरतात, असल्या फेसाच्या वनस्पती ठेचून पाण्यात टाकून मासे पकडायची रीत जगभर आहे. बादलीत धुवा आणि ते पाणी नदीत न ओतता झाडांना घाला, शेवग्याला घातलं तरी चालतं.